चढावरचा भुंगा

चष्म्याची मोडलेली काडी बदलून घेऊन तो घराकडे निघाला होता. सकाळचे दहा-सव्वादहा झाले असतील. पुलाखालून जाण्यापेक्षा पुलावरच्या पदपथाने गेलं की दोन सिग्नल वाचतात, म्हणून तो नेहमी वरूनच जायचा. गुडघे कुरकुरायचे, पण निवृत्त माणसाच्या गुडघ्यांना कुरकुरण्यावाचून दुसरा उद्योग तरी काय असतो, असं म्हणून तो त्यांच्याकडे काणाडोळा करायचा. पुलाच्या चढावर, निम्म्याच्या थोडं पुढे, कठड्याला टेकवलेली एक सायकल त्याला दिसली आणि शेजारी उकिडवी बसलेली एक मुलगी. वीस-बावीसची असेल. हात मनगटापर्यंत काळे. तो जवळ गेला आणि थबकला. सायकलच्या दांडीखाली, पायडलच्या वर, नारळाएवढं इंजिन बसवलेलं होतं. गवत कापायच्या यंत्राचं. डाव्या अंगाला दुसरी साखळी, मागच्या चाकाच्या आऱ्यांना आवळून बसवलेलं दुसरं दातेरी चक्र, दांडीवर पसरट टाकी. घरी बांधलेलं काम. वेल्डिंग ओबडधोबड होतं, पण रेषेत होतं.

"बंद पडली?" त्याने विचारलं.

"रोज इथेच बंद पडते, काका," मुलगी वर न बघता म्हणाली. "सपाटीला वाऱ्यासारखी पळते, चढ आला की मान टाकते. प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा साफ केला. आता फक्त हात जोडायचे राहिलेत."

चष्म्याची डबी त्याने खिशात टाकली, हात पुढे केला आणि टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सुटताना आतून फुस्स आवाज आला. कुणी बराच वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तसा. त्याने झाकण उजेडात धरलं. मधलं बारीक भोक धूळ आणि तेलाच्या लगद्याने बुजलं होतं. मुलीच्या केसातली पिन मागून घेऊन त्याने ते मोकळं केलं, झाकण बसवलं आणि म्हणाला, "आता मार." तिने चार पायडल मारली, क्लचचा दांडा सोडला आणि इंजिन तडतडत जागं झालं. पुलाच्या माथ्यापर्यंत जाऊन ती वळली आणि त्याच्याशेजारी येऊन थांबली. चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"काका, तुम्हाला पहिल्याच झटक्यात कसं कळलं? आम्ही दोघी बहिणी पंधरा दिवस डोकं फोडतोय!"

"अनुभव," तो म्हणाला.

मुलगी हात हलवून निघून गेली. जळक्या तेलाचा निळसर धूर थोडा वेळ कठड्यापाशी रेंगाळला. तो तिथेच उभा होता. अनुभव हा शब्द त्याने सहज उच्चारला होता आणि आता तो काट्यासारखा सलत होता. कारण त्याचा हात सरळ झाकणाकडे गेला होता. प्लगकडे नाही, नळीकडे नाही, पेट्रोलच्या चावीकडे नाही. बंद पडलेलं इंजिन बघितलं की कुठलाही कारागीर आधी प्लग काढतो. तोही आयुष्यभर तेच करत आला होता. पण आज चढावर बसलेली, हात काळे झालेली बाई दिसली आणि हात झाकणाकडे गेला. हाताला माहीत होतं. एकतीस वर्षं हाताने ते स्वतःशी जपून ठेवलं होतं आणि कुणा अनोळखी पोरीसमोर, भर रस्त्यात, बोलून टाकलं होतं.

तो चालू लागला, पण पाय घराकडे जात होते आणि मन दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच रस्त्याने. तिथे तेव्हा त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मागच्या दाराला एक पत्र्याचा आडोसा, त्यात धुण्याचा दगड, नळ आणि त्याचं सामान. तो पंप बनवण्याच्या कारखान्यात लेथवर होता आणि बायको डोंगरावरच्या इस्पितळात परिचारिका. गावापासून दोन किलोमीटर सपाट रस्ता आणि मग तीन किलोमीटर चढ. बस दिवसातून चारच, आणि सातची पाळी गाठायला त्यातली एकही कामाची नाही. ती सायकलने निघायची आणि चढ लागला की उतरून ढकलत न्यायची. पावणेपाचला उठायची. संध्याकाळी परत आली की पायऱ्यांवरच बसायची आणि बूट काढायलासुद्धा वाकायची नाही. एकदा तिने बसल्या बसल्या म्हटलं होतं, "रोग्यांना झोपायला तरी मिळतं." ती हसली होती, पण त्याच्या जिवाला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडे औषध फवारायच्या पंपाचं एक इंजिन त्याला दिसलं. गंजलेलं, पण दट्ट्या मोकळा सरकत होता. त्याने ते पिशवीत घालून घरी आणलं तेव्हा बायको म्हणाली, "हे काय आणलंत?" आणि तो म्हणाला, "तुझा चढ."

सहा महिने तो त्यामागे लागला होता. आयुष्यात त्याने पुढे कितीतरी मोठी कामं केली, माणसाएवढे पंप उभे केले. पण हाताला ती सहा महिन्यांची चव पुन्हा आली नाही. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातला वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणत, डबा बाजूला सारून त्याचे तुकडे जोडून द्यायचा आणि दर वेळी तेच बोलायचा, "वहिनींना सांग, पडल्या तर वेल्डिंग नव्हतं सुटलं म्हणून." पहिल्यांदा त्याने इंजिनच्या तोंडाशी एक रूळ बसवला आणि तो मागच्या टायरवर दाबला, रूळ फिरला की टायर फिरेल हा हिशोब. फिरला. पण पंधरा दिवसांत टायर पेन्सिल तासावी तसा तासून निघाला आणि ओल्या रस्त्यावर रूळ नुसताच गरगरायचा. मग ते सगळं काढून त्याने साखळी घेतली. मागच्या चाकाला दुसरं दातेरी चक्र, आरे तुटू नयेत म्हणून मधे जुन्या ट्यूबचे कापलेले गोल तुकडे. टाकी त्याने तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, स्वतः डाग देऊन केली. झाकण लेथवर कातलं, पितळेचं, कडेला बोट घसरू नये म्हणून बारीक रेघा. आणि मधोमध एक मिलिमीटरचं भोक. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तसतशी वरून हवा आत जायला हवी. भोक नसेल तर टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि इंजिन उपाशी मरतं. हे त्याला ठाऊक होतं. बायकोला त्याने बाकी सगळं शिकवलं: चावी बघायची, नळी बघायची, प्लग काढून पुसायचा. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते तर तिने त्याच्याहून आधी आत्मसात केलं. इस्पितळातला एक मापाचा पेला तिने त्यासाठी आणून ठेवला होता आणि तो डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, थेंबाथेंबाने तेल ओतायची. झाकणाच्या भोकाचं मात्र सांगायचं राहून गेलं होतं. ते कधी बुजलंच नव्हतं, म्हणून.

पहिल्या दिवशी ती घाबरली होती. चार पायडल मार, दांडा सोड, असं तो शेजारून धावत ओरडत होता. तिने दांडा सोडला, इंजिनने गचका दिला, फटफट झाली आणि ती त्याच्या हातातून निसटून गेली. तो धावायचा थांबला. ती लांब गेली, वळणाला दिसेनाशी झाली आणि मग तिच्या ओरडण्याचा आवाज आला. तो दचकला. पण तो भीतीचा आवाज नव्हता. सात वर्षांच्या संसारात तिचा तसा आवाज त्याने ऐकला नव्हता. कुणीतरी त्या सायकलला भुंगा म्हटलं आणि तेच नाव पडलं. लोक तिला भुंगेवाली बाई म्हणू लागले. ती आता सहाला उठायची. संध्याकाळी त्याचा कान उतारावर असायचा. शेवटच्या वळणावर ती इंजिन सुरू करायची, तो आवाज सपाटीवरून घरात शिरायचा आणि तो चहाचं आधण ठेवायचा. पाणी उकळायला आणि तिने गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करायला एकच गाठ पडायची. तीन वर्षांची लेक तोंडाने भुर्रर्र करत गल्लीत धावायची आणि आई तिला टाकीवर बसवून दारापर्यंत आणायची, हा रोजचा रिवाज. सुखाला आवाज असतो, असं तो पुढे कितीदा तरी मनात म्हणाला होता. त्या वर्षीच्या सुखाला तरी होता.

हीच गोष्ट तो पुढे सगळ्यांना सांगत आला. लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली, कारखान्याच्या निरोप समारंभात सांगितली. बायकोसाठी भुंगा बांधणारा नवरा. लेक मैत्रिणींना सांगायची, "आमच्या बाबांनी आईला डोंगरावर चढवलं." ऐकणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या आणि नवरे हसून म्हणायचे, "साहेब, आम्हाला अडचणीत आणू नका." गोष्ट खोटी नव्हती. फक्त ती कुठे थांबवायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

गोष्ट थांबायची त्याच्या पुढे असं झालं होतं, की शस्त्रक्रिया विभागाच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी इस्पितळातून एका परिचारिकेला मोठ्या शहरात पाठवायचं ठरलं. पाच जणींची नावं होती, त्यात बायकोचं पहिलं. बाहेरून तिघांची समिती येणार, सकाळी नऊला बसणार आणि साडेनऊला पुढच्या इस्पितळाकडे निघणार. ती घरी आली तेव्हा भुंगा बंद करायलाच विसरली. तो दाराशी तडतडत राहिला आणि ती सांगत राहिली. "जा की," तो म्हणाला. "मी आहे ना. आईला बोलावून घेऊ, पोरीचं बघेल ती." तो मनापासूनच म्हणाला होता. पण त्यानंतरचे पंधरा दिवस संध्याकाळचा आवाज ऐकला की त्याला आधण ठेवायचं सुचेना. हाच आवाज तिला कुठे घेऊन चालला होता ते आता कळत होतं. ती जेवताना शिरांबद्दल, टाक्यांबद्दल बोलायची. तिचे शब्द त्याला अर्धे कळायचे. आणि त्याच्याकडे सांगायला लेथ होता. काल होता तोच, उद्या असणार तोच. आपण हिच्यासाठी चढ कापला, हे खरं. पण ही माथ्यावर थांबणार नाही, पलीकडे उतरून जाईल, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं त्याला वाटायचं. आणि असं वाटतं याचीच लाज वाटायची.

त्या दिवशी सकाळी सातला तो मागच्या आडोशाला साखळीचा ताण बघत होता. सगळं चोख होतं. आदल्या संध्याकाळी तिने मापून मिश्रण केलं होतं, टाकी भरली होती. त्याने हात धुवायला कपड्यांच्या साबणाची वडी घेतली. ओली, पिवळी, मऊ पडलेली. घासताना अंगठ्याच्या नखात साबण भरला. आत बायको लेकीचे केस विंचरत होती आणि कसलंसं गाणं गुणगुणत होती. त्याने अंगठा झाकणावर टेकवला आणि दाबला. बस. मोजायला गेलं तर एक क्षण. नंतर त्याने स्वतःला कितीदा तरी विचारलं की तेव्हा मनात काय होतं, आणि दर वेळी उत्तर आलं की काही नव्हतं, नुसता अंगठा होता. पण हे उत्तरही त्याला पटलं नाही. कारण नंतर त्याने बोटाने वरचा जादा साबण पुसला होता. दिसू नये म्हणून. तेवढं मात्र मनाने केलं होतं.

ती आठ वाजून दहा मिनिटांनी निघाली. भुंगा गेला. संध्याकाळी ती परत आली ती इंजिन न लावता, उतारावरून नुसती घरंगळत आणि सपाटीला पायडल मारत. म्हणून त्याला आवाज आलाच नाही, ती एकदम दारातच उभी दिसली. पांढऱ्या गणवेशावर काळे डाग. चढाच्या सुरुवातीलाच बंद पडला, म्हणाली. प्लग पुसला, चावी बघितली. सुरू व्हायचा, शंभर पावलांवर पुन्हा मरायचा. मग ढकलत नेला. पोचायला नऊ चाळीस झाले. समितीतल्या मुख्य बाई गाडीत बसतच होत्या. त्यांनी हिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी हात धुऊन या." ती धुऊन आली तोवर गाडी निघून गेली होती. हे सगळं तिने रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते तापाचा तक्ता वाचून दाखवावा तसं सांगितलं. तो मागे गेला, सुईने भोक मोकळं केलं, भुंगा सुरू केला आणि परत येऊन म्हणाला, "तेल जास्त पडलं असेल गं. मिश्रण घट्ट झालं की प्लग काळा पडतो." आणि ती हळूच म्हणाली, "असेल."

घराच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. दार उघडंच होतं. बायको जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. साठीची झाली होती, पण बसणं अजून पाळीवर असल्यासारखं ताठ.

"झाली काडी?"

"झाली." तो समोर बसला. "पुलावर एक पोरगी भेटली. सायकलला इंजिन लावलेलं. बंद पडलं होतं."

"भुंगा!" तिचे हात थांबले. चेहऱ्यावरची तीस वर्षं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखी झाली. "खरंच? अजून बांधतात लोक? मग, तुम्ही गप्प बसला असाल थोडेच! काय झालं होतं तिला?"

"झाकणाचं भोक बुजलं होतं."

"झाकणाला भोक असतं?" ती हसली. "बघा. चार-पाच वर्षं चालवला मी भुंगा, मला कधी शिकवलं नाहीत ते."

इथे थांबता आलं असतं. गोष्ट नेहमीच्या जागी आली होती, पुढे फक्त हसायचं होतं. त्याने एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"नाही शिकवलं," तो म्हणाला. "म्हणूनच ते बुजवलं. मी. तुझ्या मुलाखतीच्या सकाळी. साबणाने."

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"कुठल्या साबणाने?"

"अं?"

"अंगाच्या की कपड्यांच्या?"

"कपड्यांच्या. पिवळ्या वडीच्या."

"किती वाजता?"

"सातला."

"मी काय करत होते?"

"पोरीची वेणी घालत होतीस."

ती एकेक प्रश्न विचारत होती, रोगी दाखल झाल्यावर हकीकत लिहून घ्यावी तशी. आवाज चढला नाही. त्याला वाटलं, आता हे असंच संपेल, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट. आणि असं वाटल्याबरोबर त्याला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि संध्याकाळी तू मला म्हणालास, तेल जास्त पडलं असेल."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. ती त्याला पहिल्यांदा तू म्हणाली होती.

"मी मापलेलं तेल," ती म्हणाली. "मी, जिने इस्पितळात औषधाचा एक थेंब कधी इकडचा तिकडे केला नव्हता. आणि मी ते मानलं. माझ्या आयुष्यातल्या त्या एका सकाळी माझं माप चुकलं, असं मी मानलं. दोन वर्षांनी पुन्हा नावं मागवली तेव्हा मेट्रनबाई घरी आल्या होत्या सांगायला. मी काय म्हटलं आठवतं? ऐनवेळी माझं काहीतरी चुकतं, म्हटलं. दुसरी कुणीतरी पाठवा. तुम्ही तिथेच बसला होता. ह्याच खुर्चीत."

खुर्ची हीच होती, हे खरं होतं. आणि त्याला आता दुसरंही आठवायला लागलं, एकामागून एक, थांबवता येईना: झोपण्याआधी गॅसची कळ दोनदा बघणारी ती. कुलूप लावून जिना उतरल्यावर परत वर जाऊन ते ओढून बघणारी. लेकीच्या बाळाच्या औषधाची बाटली उजेडाकडे धरून तीनदा मापणारी. आणि मागून त्याचं आणि लेकीचं हसणं. "आईचं इस्पितळ उघडलं," असं लेक म्हणायची, आणि तो म्हणायचा, "परवाना आजन्म आहे तिचा." हा विनोद त्या घरात तीस वर्षं चालला होता. त्यानेच काढलेला.

"मला भीती वाटली होती," तो म्हणाला. "तू जाशील आणि—"

"मग तसं म्हणायचं. म्हणायचं, जाऊ नकोस. मी भांडले असते. कदाचित गेले असते, कदाचित राहिलेही असते. पण ते माझं झालं असतं." तिने भांडं बाजूला सरकवलं. "तुम्हाला एक सांगू? कधी सांगितलं नाही मी कुणाला. त्या दिवशी तिथे बस आली होती."

"कुठली बस?"

"साडेआठची. मी चढाला भुंग्यापाशी बसले होते. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने थांबवली. म्हणाला, बाई, चला, वर सोडतो, पाच मिनिटांत पोचाल. मी पायरीवर पाय ठेवला होता. ठेवला होता, कळलं? आणि मागे वळून बघितलं तर तो रस्त्याच्या कडेला एकटा उभा. कुलूप नाही, काही नाही. मी गेले आणि कुणी उचलून नेला तर? सहा महिने खपला होतात तुम्ही त्याच्यावर. बोटं भाजून घेतली होतीत. मी म्हटलं, नको दादा, तुम्ही जा, मी ढकलत आणते." तिने टरफलं एका बाजूला लोटली. "तुमच्या भुंग्यासाठी मी बस सोडली."

ती उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा," ती म्हणाली. "मला घरात एकटीला राहू द्या थोडा वेळ."

तो बाहेर आला. दार त्याच्यामागे बंद झालं. जोरात नाही, बेताने. कुठे जावं ते न कळून तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला. भिंतीच्या जाळीतून उन्हाचे चौकोन आले होते, ते हळूहळू त्याच्या पायांवरून सरकत गेले. त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. हलकं काही वाटलं नाही. इतकी वर्षं त्याच्या मनात चढावर एक बाई काळ्या हातांनी बसलेली होती, आणि तेवढंच चित्र त्याला पुरे जड होतं. आता त्यात एक बस येऊन थांबली होती. दार उघडं, इंजिन सुरू, पायरीवर तिचा एक पाय; आणि ती वळून बघते. बघू नकोस, असं तो मनातल्या मनात तिला ओरडून सांगत होता. जा, भंगार आहे ते, चढ बसमध्ये. पण ती दर वेळी वळून बघत होती. वरच्या मजल्यावरचे शिक्षक भाजीची पिशवी घेऊन आले आणि त्याला ओलांडताना थांबले.

"काय साहेब, किल्ली विसरलात?"

"नाही," तो म्हणाला. "बायको आहे आत."

शिक्षकांनी दाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि समजूतदारपणे मान हलवून वर गेले.

तासाभराने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते, तोंड धुतलेलं होतं. "या आत," ती म्हणाली. तो उठला, गुडघे धरले होते, कठड्याला धरून उठावं लागलं, आणि ती हात द्यायला पुढे आली नाही. टेबलावर त्याचा फोन ठेवलेला होता.

"लेकीला सांगा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मी नाही सांगणार. तिच्या लग्नात सांगितलीत ना गोष्ट, मग उरलेलीही तुम्हीच सांगा. आणि तेलाचं गाळू नका. साबणाचं एक वेळ मी समजून घेईन. तेलाचं नाही."

त्याने नंबर लावला. तिने फोन त्याच्या हातातून घेतला, आवाज मोठा केला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. पलीकडे घंटी वाजत होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती फोनकडे बघत होती.

"बाबा? ह्या वेळेला? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं," तो म्हणाला. "आपला भुंगा आठवतो का तुला?"

"म्हणजे काय!" लेकीचा आवाज एकदम लहान झाला, तीन वर्षांचा. "टाकीवर बसवायची मला आई. गरम असायची टाकी. अहो, कालच मी धाकट्याला सांगत होते, तुझ्या आजोबांनी आजीसाठी—"

"थांब," तो म्हणाला. "पुढचं मी सांगतो."